खोलीचं मिनिट

टेबलावर ठेवलेल्या नावांच्या चिठ्ठ्या वाचत ग्लेनिस आपली खुर्ची शोधत होती. ती सापडली, आणि शेजारच्या खुर्चीसमोर चिठ्ठी होती 'मर्व डॅगेट'. तिने ती उचलली, उलटी करून पाहिली, मागच्या बाजूला कोणी 'चुकून' असं लिहून ठेवलं असेल तर बघावं म्हणून. मग होती तशी परत ठेवली. मेलबर्नच्या नदीकाठच्या या जुन्या लोकरीच्या गोदामात दर ऑगस्टला हा समारंभ व्हायचा. रेडिओसाठी, पॉडकास्टसाठी माहितीपट करणारी सगळ्या देशातली मंडळी जमायची आणि एकमेकांचं कौतुक करून घ्यायची. दर वर्षी ग्लेनिस यायची, कडेच्या टेबलाशी बसायची, दोन ग्लास वाईन प्यायची, आणि ज्यांचे खोकले नि अडखळणं तिने वर्षभर निस्तरलेलं असायचं ती माणसं मंचावर जाऊन लाकडी कान घेऊन खाली यायची. बक्षीस म्हणजे खरोखरच एक कान होता, रेड गम नावाच्या झाडाच्या लाकडात कोरलेला, वीतभर उंच. घरी नेऊन लोक त्याचं काय करतात हे तिला कधी कळलं नव्हतं. तिच्या घरी तो प्रश्न आलाच नव्हता. बत्तीस वर्षं ती आवाज कापत आणि जोडत होती. संपादन चांगलं झालं की ते ऐकूच येत नाही असं जो तो म्हणायचा, आणि जे ऐकूच येत नाही त्याला कान कोण देणार.

"पाहिलंस ना शेजारी कोण आहे ते?" जिचे माहितीपट ग्लेनिस जोडून द्यायची ती इमोजेन मागून आली आणि खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. "मीच बसवलंय. तुमचं दोघांचं जमलं होतं मुलाखतीच्या दिवशी."

"त्यांना कशाला बोलावलंस?"

"अगं, परीक्षकांना आवडतं. ज्याची गोष्ट आहे तो माणूस समोर असला की बरं दिसतं. कॉर्डेलहून यायचं तिकीट, हॉटेल, सगळं आपण केलंय. खूश आहे म्हातारा."

"ऐकलंय का त्यांनी?"

"आख्ख्या देशाने ऐकलं, ग्लेन. त्याने नसेल ऐकलं का?" असं म्हणून इमोजेन दुसऱ्या टेबलाकडे गेली, गळाभेटी घेत, साखर पेरत. काय तो आवाज. लोक म्हणायचे, इमोजेनचा आवाज कानाशी बसून गोष्ट सांगतो. त्या आवाजातली लाळेची चिकचिक गेली सहा वर्षं ग्लेनिस एकेक करून काढत आली होती. रोज दीड तास त्यातच जायचा. कधी कधी तिला वाटायचं, एकदा तसाच सोडावा. ऐकू द्यावं सगळ्यांना. पण तसं तिने कधी केलं नाही, कारण मग लोक म्हणाले असते संपादन वाईट आहे. इमोजेनचा तिला राग होता आणि तो राग जपून ठेवायला बरा पडायचा. राग दुसऱ्यावर असला की स्वतःकडे बघावं लागत नाही. आज मात्र शेजारच्या चिठ्ठीने तीही सोय काढून घेतली.

कॉर्डेल हे पूर्वेकडच्या दूधदुभत्याच्या मुलखातलं लहानसं गाव. तिथला लोण्याचा कारखाना एक्क्याऐंशी साली जळाला. पॅकिंगच्या खोलीत चार बायका होत्या, आणि त्या खोलीच्या मागच्या दाराला बाहेरून कडी घातलेली होती. कडी कोणी घातली ते चौकशीत कळलं नाही, पुढेही कळलं नाही. मर्व डॅगेट तेव्हा बॉयलरवर होता. मेलेल्या चौघींतली एक त्याच्या बायकोची, डॉटची, धाकटी बहीण. तिची सहा वर्षांची मुलगी ट्रेसी, तिला मर्व आणि डॉटने वाढवली. डॉट दोन वर्षांपूर्वी गेली. इमोजेनने यावर सहा भागांचा माहितीपट केला, आणि चौथ्या भागात ती मर्वला विचारते, "मर्व, दाराला कडी होती हे तुम्हाला ठाऊक होतं?" मग नऊ सेकंद काहीच नाही. म्हाताऱ्याचा श्वास. खोली. कुठेतरी दूर गाडीचा आवाज. आणि मग "नाही". त्या नऊ सेकंदांनी माहितीपट गाजला. वर्तमानपत्रांत त्यांच्यावर लेख आले. माणसाचं मन नऊ सेकंदांत कसं उघडं पडतं, वगैरे. लोकांनी ट्रॅममध्ये, स्वयंपाकघरात ते ऐकलं आणि मनाशी ठरवून टाकलं, म्हातारा खोटं बोलतोय. आणि ते नऊ सेकंद मर्वने कधी घेतलेच नव्हते.

तो आला तेव्हा ती उठून उभी राहिली. निळा कोट, टाय, केस पाण्याने चापून बसवलेले. कोटाच्या कॉलरवर दोन बारीक भोकं होती. मुलाखतीच्या दिवशी तिथे गावच्या बोल्स क्लबचा, हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाचा, बिल्ला होता, तिला तो चांगला आठवत होता, कारण माइक लावताना मध्ये आला म्हणून तिनेच तो काढायला लावला होता.

"तूच ना ती आवाजवाली?" तो बसत म्हणाला. "चेहरा राहत नाही आता डोक्यात. पण तू केक दोनदा घेतला होतास. दोनदा केक घेणारी बाई मी विसरत नाही."

"चांगला होता केक."

"दुकानातला होता. डॉट असती तर तुला खरा केक मिळाला असता."

जेवण आलं. नेहमीप्रमाणे एकाला कोंबडी, शेजारच्याला मासा, पुढच्याला परत कोंबडी. आपल्या नशिबात काय येईल ते खायचं, नाहीतर शेजाऱ्याशी अदलाबदल करायची. मर्वसमोर मासा आला. त्याने त्याच्याकडे असं पाहिलं की ग्लेनिसने न बोलता आपली ताटली सरकवली. तो थोडा खुलला. सुरी-काट्याने कोंबडीचे सारखे तुकडे करत, तिच्याकडे न बघता बोलायला लागला.

"ट्रेसी रविवारी यायची. मटण भाजायचो मी. लग्न करून गेली तेव्हापासून एक रविवार चुकला नाही, तिची बाळंतपणं सोडली तर. ते तुमचं पॉडकास्ट आलं, आणि त्या रविवारी आली नाही. मी फोन केला. म्हणाली, काका, तुम्ही नऊ सेकंद गप्प बसलात. मी म्हटलं, कुठं? म्हणाली, मी मोजलेत." त्याने तुकडे करणं थांबवलं. "आठ महिने झाले."

ग्लेनिसने माशाचा एक तुकडा वेगळा केला.

"क्लबवालेही तसेच. तोंडावर कोणी बोलत नाही, यादीतून नाव तेवढं गेलं. त्याचं एवढं नाही. पण पोरी, मला आठवतं ना, मी लगेच बोललो होतो. हा प्रश्न मला चाळीस वर्षं विचारतायत. पोलीस, पाद्री, दारू प्यालेले लोक. झोपेतून उठवून विचारलास तरी मी लगेच नाही म्हणेन. मग मी गप्प कसा बसलो? डॉक्टरकडे गेलो. आठवण तपासायला त्याने मला कागदावर घड्याळ काढायला लावलं, दहा वाजून दहा मिनिटं. काढलं की. बरोबर काढलं. तरी म्हणाला, वय झालंय, असं थोडंफार होतं."

"तुम्ही स्वतः नाही ऐकलंत?"

"माझ्याकडे नाही ते असलं काही. आणि ऐकवणारी येत नाही. म्हणून तर आलो. ती तुमची बाई म्हणाली, तो तुकडा आज सगळ्यांसमोर वाजवणार. म्हटलं, एकदा आपल्या कानांनी ऐकू. यंत्र काय खोटं बोलणार? मीच विसरलो असेन."

इथे बोलायला हवं होतं. एवढी सरळ जागा परत मिळणार नव्हती. माणूस समोर बसून दार उघडून धरत होता. आणि ग्लेनिस म्हणाली, "होतं असं कधी कधी." स्वतःचा आवाज तिला नीट ऐकू आला. सौम्य, समजूतदार, कुठेही चिकचिक नाही. तिने माशाचा काटा ओठांतून काढला आणि ताटलीच्या कडेला ठेवला, आणि आपला इतका तिटकारा आपल्याला कधीच आला नव्हता असं तिला वाटलं.

दुपारी सव्वादोनला त्यांनी मुलाखत सुरू केली होती. मर्वच्या बैठकीच्या खोलीत, गॅसच्या शेगडीशेजारी. तो प्रश्न अगदी सुरुवातीला झाला, आणि मर्वचं 'नाही' इमोजेनचं वाक्य संपायच्या आत आलं. दोन आवाज एकमेकांवर चढले. मग चहा झाला, केक झाला, डॉटचे फोटो झाले. निघताना ग्लेनिसने नेहमीचं काम केलं. कुठल्याही घरातून निघण्याआधी त्या खोलीची शांतता एक मिनिट घेऊन ठेवायची, ही धंद्यातली रीत. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पुढे दोन वाक्यांमध्ये सांधा मारायचा झाला तर तीच लागते, दुसरीकडची चालत नाही. "मर्व, आता एक मिनिट कोणी बोलायचं नाही. मला तुमची खोली ऐकायचीय." तो हसला होता. "खोली काय बोलणार? मी राहतो तिथं, मला माहितीये." पण बसला. फोटो काढायला बसतात तसा, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, नाकाने सावकाश श्वास घेत. मध्येच त्याने खिडकीकडे पाहिलं होतं. पुरं मिनिट बसला आणि नंतर विचारलं, "आलं का नीट?" तिला आठवतं, तिने हेडफोन काढून म्हटलं होतं, "छान आलं."

मग तो गेल्या वर्षीच्या मार्चमधला दिवस. दोन आवाज चढलेले होते तेव्हा ते सोडवणं भागच होतं. तिने ते अर्ध्या सेकंदाने सोडवले. यात काही पाप नाही. सगळे करतात, श्रोत्याला शब्द तर कळायला हवा. इमोजेन मागे खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. म्हणाली, "फार पटकन येतंय गं. प्रश्न पडायच्या आधीच उत्तर. थोडं काहीतरी हवं तिथे." ग्लेनिसने दोन सेकंद केले. "अजून?" चार. मग इमोजेन कोणाचा तरी फोन घ्यायला बाहेर गेली, आणि पुढचं ग्लेनिसने एकटीने केलं. हे ती स्वतःपासून लपवू शकत नव्हती. कोणी सांगितलं नव्हतं. तिने खोलीचं ते मिनिट उघडलं, त्यातला मर्वचा एक श्वास निवडला, दुसरा निवडला, आणि त्या दोघांच्या मध्ये दूरची एक बस होती, चढावर गिअर बदलत जाणारी. तिने बस काढली नाही. बसमुळे शांततेला खोली आली. हात इतके हलके चालत होते, जसे विशीत चालायचे, जेव्हा ती गळ्यात ध्वनिफितीचे तुकडे लटकवून ब्लेडने कापायची आणि जुना इंजिनिअर मागे उभा राहून म्हणायचा, पोरीच्या हातात जादू आहे. नऊ सेकंद झाल्यावर तिने ते ऐकलं आणि अंगावर काटा आला. आनंदाचा. बत्तीस वर्षांत इतकं सुंदर तिने काही केलं नव्हतं. इमोजेन आत आली, ऐकलं, आणि तोंडावर हात ठेवून रडायला लागली. तिला तरी पुरतं ठाऊक होतं का? ठाऊक असायला हवं होतं, खोलीत तीच होती. पण रडली ती खरं रडली, आणि त्या दिवसापासून दोघींनी त्यावर एक शब्द काढला नाही.

मंचावर दिवे आले. परीक्षकांच्या प्रमुख बाई मोठमोठ्या कानातल्यांसह उभ्या राहिल्या. या भूमीच्या मूळ रहिवाशांना वंदन झालं, विनोद झाले, लहान बक्षिसं झाली, त्या त्या टेबलावरून आरोळ्या आल्या. मर्व प्रत्येकाला मनापासून टाळ्या वाजवत होता. मग बाई म्हणाल्या, "आता जे ऐकाल त्यात कोणी बोलत नाही. आम्ही पाच जणांनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. या शांततेत एक बस जाते. आयुष्य पुढे निघून जातं आणि एक माणूस आपल्या खुर्चीत, आपल्या उत्तराशी, अडकून राहतो. ऐका."

तीनशे माणसं गप्प झाली. इमोजेनचा आवाज आला, कानाशी बसून विचारणारा. मर्वने डावा हात कानामागे धरला. ग्लेनिसने मोजायचं नाही असं ठरवलं आणि मोजलं. पहिला श्वास तिसऱ्या सेकंदाला. पाचव्याला बस. बस आली तसं मर्वचं डोकं वळलं, डावीकडे, जिथे या गोदामात विटांची भिंत होती आणि त्याच्या घरात खिडकी असते. मग दुसरा श्वास. मग "नाही". सभागृहातून एक सामूहिक उसासा निघाला.

"ही ट्रेसीची बस," मर्व म्हणाला.

हळू म्हणाला होता, तरी टेबलावरचे दोघं वळले.

"शाळेची बस. तीन चाळीसला चढावर येते. अजून तीच वेळ. दहा वर्षं मी तिची वाट बघायचो, पोर उतरायची फाटकाशी." तो तिच्याशी बोलत नव्हता, हिशेब लावत होता. "आणि तुम्ही तर दोनला आलात. तो प्रश्न आल्या आल्या विचारला. तीन चाळीसला केक संपला होता. तीन चाळीसला मी..." तो थांबला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि आता चेहरा डोक्यात राहत नाही असं काही त्या बघण्यात नव्हतं. "तू मला गप्प बस म्हणालीस. म्हणून मी गप्प बसलो."

"हो," ग्लेनिस म्हणाली.

"तुझं काम होतं म्हणून बसलो."

"हो."

"आणि मघाशी म्हणालीस, होतं असं कधी कधी."

मंचावर इमोजेन कान हातात घेऊन बोलत होती. कॉर्डेलच्या लोकांचे आभार, मर्वच्या धैर्याला सलाम, आणि दिव्याचा झोत फिरत त्यांच्या टेबलावर आला. मर्वने डोळ्यांवर हात धरला. लोकांनी तो सलाम समजून टाळ्या वाजवल्या. "आणि जिच्याशिवाय ही शांतता नसती," इमोजेन म्हणाली, "ती नेहमी कोपऱ्यात बसते. ग्लेन, आज तुला सोडणार नाही. ये वर."

ती कशी वर गेली ते तिला नंतर आठवलं नाही. तिच्या हातात कान होता आणि तो अपेक्षेपेक्षा हलका होता. माइक जरा उंच होता. तिने सवयीने तो खाली ओढला, तोंडापासून चार बोटं लांब. म्हणाली, "तो लगेच बोलला होता. प्रश्न संपायच्या आधी नाही म्हणाला होता. ते नऊ सेकंद मी घातले. मुलाखत संपल्यावर खोलीच्या आवाजासाठी मी त्याला एक मिनिट गप्प बसवलं होतं, त्यातले काढून घातले."

मग पुढच्या टेबलावरून कोणीतरी हसलं, दाद द्यावी तसं हसलं, आणि एकाने टाळी वाजवली, आणि मग सगळे. उभे राहिले. तिला वाटलं होतं आरडाओरडा होईल, निदान कोणी तोंड तरी फिरवेल. ती कोणाशी बोलत होती हेच विसरली होती. या गोदामात बसलेल्या प्रत्येकाच्या गाठीला असे चार-दोन सेकंद होते. त्यांना गुन्हा नाही, हातातलं कसब दिसलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिचं काम त्यांना ऐकू आलं होतं. "थांबा," ती म्हणाली, "टाळ्या नका वाजवू, त्याची भाची..." पण संगीत सुरू झालं होतं आणि तिचा माइक कोणीतरी बंद केला होता. इमोजेन टाळ्या वाजवत होती. तिचे ओठ मात्र पांढरे पडले होते, आणि जवळ येऊन मिठी मारताना ती कानात म्हणाली, "माझं वाटोळं करायला हाच दिवस सापडला तुला?" मग हसत हसत प्रेक्षकांकडे वळली. ग्लेनिसला आश्चर्य वाटलं की या बाईचा आपल्याला आता काडीचाही राग येत नाही. तिने लाकडी कान इमोजेनच्या हातात दिला आणि ती खाली उतरली.

खुर्ची रिकामी होती. शेवटी आलेल्या गोड पाव्हलोव्हाला हात लागलेला नव्हता. मर्व बाहेर ट्रॅमच्या थांब्यावर सापडला, नदीकडून येणाऱ्या वाऱ्याकडे पाठ करून कोटाची बटणं लावत. पलीकडच्या हॉटेलांत लोक नुकते जेवायला बसत होते.

"मी सांगितलं त्यांना," ती म्हणाली. धाप लागली होती.

"ऐकलं मी. टाळ्या पण ऐकल्या."

"मला माफ..."

"ते नको मला." तो रागावून म्हणाला नाही, दुकानदाराला नको असलेली वस्तू परत करावी तसा म्हणाला. "त्यांना सांगून काय उपयोग? त्यांचं काय गेलंय? माझं घड्याळ मी बरोबर काढलं होतं. आठ महिने मी रात्री पडल्या पडल्या स्वतःला विचारतोय की खरंच ठाऊक होतं की काय मला. कडी मीच घातली की काय. माहितीये तुला?"

तिला माहीत नव्हतं. हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. गावाने तोंड फिरवलं एवढंच ती धरून चालली होती. माणूस स्वतःवरच उलटेल हे तिने मोजलं नव्हतं.

मर्वने कोटाच्या आतल्या खिशातून मोठ्या आकड्यांचा फोन काढला, एकच बटण बराच वेळ दाबून धरलं आणि तो तिच्यासमोर धरला. "मी सांगितलं तर ट्रेसी म्हणेल म्हातारा बनवतोय. तू सांग."

फोन वाजत होता. तो गरम होता, त्याच्या छातीशी राहून. चार वेळा वाजला आणि मग एका बाईचा आवाज आला, सावध, ताठ. "काका? काय झालं? बरे आहात ना?"

ग्लेनिसला ठाऊक होतं की आता जितका वेळ आपण घेऊ तितका वेळ ती बाई मोजेल. पहिला सेकंद संपायच्या आत ती बोलली. नाव सांगितलं, काम सांगितलं. मग सगळं सांगितलं, बससकट. एकही शब्द तिला गाळता आला असता असं नव्हतं आणि मध्ये कुठे श्वास घ्यायलाही ती थांबली नाही. संपल्यावर पलीकडे काही नव्हतं. नळ चालू होता, तो कोणीतरी बंद केला. फ्रीजची घरघर. एक खुर्ची ओढल्याचा आवाज. ग्लेनिस मोजत राहिली, दहा, अकरा, चौदा. मर्व तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता. एकोणीस. एरवी तिने यातले पंधरा तरी काढून टाकले असते. ट्रॅम आली, दारं उघडली, कोणी चढलं नाही, दारं मिटली.

"काकांना द्या," ट्रेसी म्हणाली.

तिने फोन दिला. मर्वने तो दोन्ही हातांनी घेतला, कानाशी धरला, तिच्याकडे पाठ केली आणि रुळांच्या कडेकडेने चालू लागला. तो बोलत होता हे त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. दहा पावलांवर जाऊन तो थांबला. त्याने एकदा वळून बघितलं, ती अजून तिथेच उभी आहे असं पाहून आणखी वीस पावलं पुढे गेला, आणि मग तिला काहीच ऐकू आलं नाही.